केबलचे दुसरे टोक
दूरसंचाराच्या एका संग्रहालयाकडे आपल्या किनाऱ्यावरून पाहताना

दूरसंचाराच्या इतिहासाचे संग्रहालय म्हटले की काचेच्या कपाटांची रांग डोळ्यांसमोर येते. पहिल्या कपाटात मोर्सची कळ, दुसऱ्यात काळा टेलिफोन, पुढे टेलिप्रिंटर, शेवटी पेजर आणि मोबाइल. प्रत्येकाखाली पाटी आणि पाटीवर साल व संशोधकाचे नाव. मुले रांगेने पुढे सरकतात, साले वहीत उतरवून घेतात आणि बाहेर पडतात. बाहेर आल्यावर एखाद्याला विचारावे, 'इथून निरोप पाठवला तर तो तिथपर्यंत नेमका कसा जायचा रे?' तर बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. यात मुलांचा दोष नाही. दूरसंचार घडतो तो दोन यंत्रांच्या मधल्या अंतरात, आणि ते अंतर कपाटात ठेवता येत नाही.

ही अडचण बरीचशी ओलांडलेले एक संग्रहालय इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यातील पोर्थकर्नो या गावी आहे. आपल्या वाचकांपैकी फारच थोडे तिथे कधी जातील. तरीही त्याची चर्चा इथे करायला एक सबळ कारण आहे. १८७० साली पोर्थकर्नोच्या वाळूवर जी समुद्री केबल येऊन लागली, त्या मार्गाचे दुसरे टोक मुंबईत होते. म्हणजे या संग्रहालयात सांगितली जाणारी गोष्ट निम्मी आपली आहे. तिचे आपण काय केले, हा प्रश्न त्यामुळे आपल्यालाही विचारला पाहिजे.

खोऱ्यातले तारघर

पोर्थकर्नो हे एक चिमुकले खोरे. खाली वाळूचा छोटा किनारा. केबल खरे तर फाल्मथ या मोठ्या बंदरात आणायची होती, पण तिथे जहाजांचे नांगर केबलमध्ये अडकून ती तुटण्याची भीती होती. म्हणून गजबजलेले बंदर सोडून हे आडबाजूचे खोरे निवडले गेले. पुढे इथे इतक्या केबला येऊन मिळाल्या की ते जगातल्या सर्वांत गजबजलेल्या तारकेंद्रांपैकी एक बनले. किनाऱ्यावरची केबलखोली आजही पाहायला मिळते. समुद्राखालून आलेल्या केबलांची टोके या एवढ्याशा खोलीत येऊन संपत.

दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्याच्या भीतीने १९४०-४१ साली कथलाच्या खाणीतील कामगारांकडून इथल्या डोंगरात बोगदे खोदून घेतले आणि तारकेंद्र त्यांत हलवले. केंद्राचे काम १९७० साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, थांबले. तिथले प्रशिक्षण महाविद्यालय १९९३ पर्यंत चालले. त्यानंतर १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याच बोगद्यांत संग्रहालय उघडले.

संग्रहालयाचा पहिला गुण इथेच दिसतो. यंत्रे जिथे काम करत होती तिथेच ती ठेवली आहेत. राजधानीच्या एखाद्या भव्य दालनात नेऊन मांडली असती, तर केबल समुद्रातून वर का आली, खोली एवढी लहान का, भिंती एवढ्या जाड का, हे प्रश्न कुणाला पडलेच नसते. दुसरा गुण त्याहून मोठा आहे. इथली काही जुनी यंत्रे चालू स्थितीत ठेवली असून ती पाहणाऱ्यांसमोर चालवून दाखवतात. बंद यंत्र पाहून मुलाला त्याचा आकार समजतो. चालणारे यंत्र पाहिले की ते कसली अडचण सोडवण्यासाठी बनवले, हा विचार सुरू होतो.

वाडीतला पाट आणि समुद्रातली केबल

ती अडचण कोणती, हे समजल्याशिवाय या संग्रहालयाचे मोल कळणार नाही. ती समजून घ्यायला कॉर्नवॉलला जाण्याची गरज नाही. वसई तालुक्यातील वटार, निर्मळ, भुईगाव या पट्ट्यातल्या कोणत्याही वाडीत ती समजते.

बावखलातून किंवा विहिरीतून उपसलेले पाणी मातीच्या पाटाने केळीच्या आळ्यांपर्यंत जाते. पाट कोरडा असेल तर पाणी सोडल्याबरोबर शेवटच्या आळ्यात पोचत नाही. आधी पाटाची माती पाणी पिते, पाट भरतो आणि मग टोकाला पाणी दिसू लागते. तेही एकदम येत नाही, आधी ओल, मग बारीक धार, मग पुरता प्रवाह. इकडे पाणी बंद केले तरी टोकाला ते बराच वेळ झिरपत राहते. आता कल्पना करा, पाण्याच्या लाटा सोडून कुणाला खुणा करायच्या आहेत. जवळच्या माणसाला लाटा वेगवेगळ्या दिसतील. लांबच्या पाटाच्या टोकाला त्या एकमेकींत मिसळून जातील.

समुद्री केबलमध्ये असेच घडते. मधे तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चाचे वेष्टन, त्यावर लोखंडी तारांचे कवच आणि बाहेर समुद्राचे खारे पाणी. दोन वाहक आणि मधे विद्युत्‌रोधक, हे तर धारित्र झाले! हजारो किलोमीटर लांबीचे धारित्र. कळ दाबली की आधी ते भारित होत राहते आणि पलीकडच्या टोकाला प्रवाह हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो. खांबांवरून हवेत जाणाऱ्या तारेत ही अडचण फारशी जाणवत नव्हती. म्हणून जमिनीवर सहज चाललेली पद्धत समुद्रात फसली.

१८५० च्या दशकात विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिन यांनी, याचे गणित मांडले. केबलची लांबी दुप्पट केली की तिचा रोध दुप्पट होतो आणि धारिताही दुप्पट होते. त्यामुळे संदेशाला लागणारा विलंब चौपट होतो. लांबी तिप्पट तर विलंब नऊपट. यावर उपाय म्हणून जास्त दाबाची वीज सोडावी, असे काहींना वाटले. १८५८ च्या पहिल्या अटलांटिक केबलवर असा प्रयोग झाला आणि ती केबल काही आठवड्यांतच निकामी झाली. थॉमसन यांनी उलटी वाट धरली. प्रवाह क्षीण असू द्या, पण तो ओळखणारे यंत्र अतिशय हलके आणि संवेदनशील करा. त्यातून आरशाचा गॅल्व्हानोमीटर आला. लोंबत्या चिमुकल्या चुंबकाला चिकटवलेला आरसा किंचित फिरला की त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर डावीकडे किंवा उजवीकडे सरके. १८६७ साली त्यांनी सायफन रेकॉर्डर तयार केला. त्यात केसासारख्या बारीक काचनळीतली शाई सरकत्या कागदी पट्टीवर नागमोडी रेघ काढी. रेघ मधल्या पातळीच्या एका बाजूला गेली तर बिंदू, दुसऱ्या बाजूला गेली तर रेषा. मोर्सच्या लांब आणि आखूड खुणांऐवजी धन आणि ऋण विजेच्या सारख्याच लांबीच्या खुणा वापरल्यामुळे वेळ वाचला.

हे माहीत असेल तर संग्रहालयातील नागमोडी रेघेची पट्टी वाचता येते. माहीत नसेल तर ती जुन्या कागदाची गुंडाळी ठरते. माझी पहिली टीका याच ठिकाणी आहे, आणि ती केवळ पोर्थकर्नोवर नाही, या प्रकारच्या सगळ्याच संग्रहालयांवर आहे. यंत्रे सोडवणूक दाखवतात, पण ज्या अडचणीची ती सोडवणूक होती ती समुद्राच्या तळाशी राहते. चालणारा सायफन रेकॉर्डर पाहून माणूस थक्क होतो. त्याआधी त्याने पाटाच्या टोकाशी उभे राहून पाण्याची वाट पाहिली असेल, तर तो थक्क होण्याबरोबर समजूही लागेल. अडचण हाताला जाणवू देणे हे संग्रहालयाचे आणि शिक्षकाचे पहिले काम असायला हवे.

नकाशाचे गणित

थॉमसन यांच्या गणितातून आणखी एक गोष्ट उलगडते. लांबी दुप्पट केल्यास विलंब चौपट होतो, तर लांबी निम्मी केल्यास तो पावपट होईल. म्हणजे लांब केबलचे तुकडे करून मधे ठाणी ठेवणे फायद्याचे. पोर्थकर्नोहून निघालेला मार्ग पाहा. पोर्तुगालचा किनारा, जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया, तिथून जमिनीवरून सुएझ, मग एडन आणि शेवटी मुंबई. प्रत्येक ठाण्यावर कारकून बसलेला असे. आलेला संदेश तो वाचून पुन्हा कळ दाबून पुढे पाठवी. नकाशावरच्या या ठिपक्यांना साम्राज्याचे राजकारण जेवढे कारणीभूत आहे, तेवढेच वर्गाचे हे साधे गणितही. विज्ञान आणि इतिहासाच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा असा हा धडा आहे.

एडन ते मुंबई हा सुमारे ३,००० किलोमीटरचा तुकडा 'ग्रेट ईस्टर्न' या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जहाजाने टाकला. फेब्रुवारी १८७० मध्ये ते मुंबईहून निघाले. उष्ण कटिबंधातील उन्हाने टाक्यांतली केबल तापून गटापर्चा मऊ पडू नये म्हणून जहाजाला पांढरा रंग दिला होता. जूनमध्ये पोर्थकर्नोचे टोक जोडले गेले आणि लंडन व मुंबई यांच्यात काही मिनिटांत प्रश्नोत्तरे होऊ लागली. त्याआधी १८६५ पासून इराणच्या आखातातली केबल आणि तुर्कस्तानातील जमिनीवरची तार असा मार्ग होता, पण त्यावर संदेशाला दिवसच्या दिवस लागत आणि इंग्रजी न जाणणाऱ्या कारकुनांच्या हातून शब्दांची मोडतोड होई.

दुसऱ्या टोकावर काय घडले?

आता दुसरी टीका. पोर्थकर्नोचे संग्रहालय ज्या वस्तू आणि ज्या दप्तरावर उभे आहे, ते मुख्यतः केबल कंपन्यांचे आहे. कंपनीच्या कागदपत्रांत अभियंते दिसतात, जहाजे दिसतात, परदेशी ठाण्यांवर गेलेले तरुण कर्मचारी दिसतात. मुंबईच्या गल्लीत तार पोचवणारा शिपाई त्यांत सहसा दिसत नाही. मलायातले जंगलही दिसत नाही. गटापर्चा हा तिथल्या झाडांचा चीक. तो मिळवण्यासाठी झाडच तोडत आणि एका झाडातून सरासरी काहीशे ग्रॅमच हाती येई. हजारो किलोमीटर केबलांवरच्या वेष्टनासाठी किती झाडे पडली असतील, याचा अंदाज आठवीतला मुलगाही बांधू शकेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही झाडे अनेक भागांत जवळजवळ संपली होती. केबलच्या नमुन्यापुढे उभे राहून तांब्याबद्दल आणि पोलादाबद्दल बोलायचे, तर या चिकाबद्दलही बोलावे लागेल.

मुंबईच्या टोकाची गोष्ट तर वेगळीच आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपले, भाव कोसळले आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. पाचच वर्षांनी केबल आली. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा उघडला होता, १८७० च्या मार्चमध्ये मुंबई आणि कलकत्ता रेल्वेने जोडली गेली आणि जूनमध्ये लंडनची केबल सुरू झाली. जेमतेम आठ महिन्यांत मुंबई जगाच्या बाजाराला तीन बाजूंनी बांधली गेली. लिव्हरपूलचा भाव आता मुंबईच्या व्यापाऱ्याला चटकन कळू लागला. ज्याला तारेचा खर्च परवडे त्याला तो आधी कळे, खानदेश-वऱ्हाडातल्या कापूस पिकवणाऱ्याला तो सगळ्यांत शेवटी कळे. पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर मुंबईत 'आकडा' लागू लागला, तोही याच तारांच्या जोरावर. बातमी वेगाने येऊ लागली म्हणजे ती सर्वांना सारखीच मिळू लागली, असे नाही. मोबाइलच्या पडद्यावर बाजारभाव पाहणाऱ्या आजच्या पिढीने ही गोष्ट जरूर तपासून पाहावी.

तारखात्यातल्या माणसांचीही गोष्ट आहे. १९०८ साली कामाच्या पाळ्यांवरून देशभरातल्या तारकर्मचाऱ्यांनी संप केला होता आणि त्यात मुंबईही होती. ज्या यंत्राने सरकार देश चालवत होते, तेच यंत्र हातात असलेल्या माणसांनी ते थांबवले. कळ दाबणारा हात संग्रहालयातल्या कळीला दिसत नाही, तो असा शोधून काढावा लागतो.

हे सगळे पोर्थकर्नोने दाखवावे अशी अपेक्षा मी करणार नाही. एका टोकावरच्या संग्रहालयाला त्या टोकावरून जेवढे दिसते तेवढे ते दाखवणार. दुसऱ्या टोकावरून दिसणारी गोष्ट दुसऱ्या टोकानेच सांगायला हवी. ती सांगायला आपल्याकडे जागा आणि विषय यांचा तुटवडा नाही. हुतात्मा चौकाजवळची तारघराची दगडी इमारत आहे. १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी 'बीम' सेवा सुरू झाली, तिचे प्रक्षेपण पुण्याजवळ खडकीहून आणि ग्रहण दौंडला होत असे. या स्वस्त आणि वेगवान सेवेने केबल कंपन्यांना एवढे जेरीस आणले की काही वर्षांतच केबल आणि बिनतारी कंपन्यांचे एकत्रीकरण करावे लागले. १९७१ साली जुन्नर तालुक्यात आर्वी इथे 'विक्रम' भूकेंद्र सुरू झाले आणि भारत उपग्रहामार्गे जगाशी बोलू लागला. समुद्राखालची तार, आकाशातल्या लहरी आणि उपग्रह, संदेशवहनाच्या तीनही वाटा मुंबई-पुण्याच्या परिसरात येऊन पोचल्या. तीनही एका सहलीत पाहता येतील एवढ्या जवळ. पण ही सलग गोष्ट विद्यार्थ्याला समजेल अशी सांगणारे, पोर्थकर्नोच्या तोडीचे संग्रहालय मात्र आपण उभारलेले नाही.

आणि ही गोष्ट संपलेलीही नाही. १९९७ साली 'फ्लॅग' नावाची प्रकाशतंतूंची केबल सुरू झाली. तिचे इंग्लंडमधले टोक पोर्थकर्नोलाच आहे आणि वाटेत ती मुंबईला लागते. मार्गही बराचसा जुनाच, इजिप्त ओलांडून तांबड्या समुद्रातून. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ ही केबल आणि आणखी एक केबल तुटली, तेव्हा भारतातले इंटरनेट मंदावले. नांगराची जी भीती १८७० साली फाल्मथला वाटली, तसलीच भीती आजच्या केबलांनाही आहे. आपल्या मोबाइलवरचा निरोप उपग्रहावरून जातो असे बहुतेक मुलांना, आणि पुष्कळ शिक्षकांनाही, वाटते. परदेशी जाणारा बहुतेक सगळा मजकूर समुद्राच्या तळावरून जातो. हा एक गैरसमज दूर झाला तरी अशा संग्रहालयाचे सार्थक होईल.

शाळेपुरते एक संग्रहालय

मोठे संग्रहालय होईल तेव्हा होवो. थांबायला मात्र वेळ नाही. १४ जुलै २०१३ च्या रात्री देशातल्या शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सेवा बंद झाली. कळीच्या कडकट्टावरून अक्षरे ओळखणारी माणसे आता उतारवयात आहेत. त्यांच्याबरोबर ती विद्या जाईल. यंत्र भंगारातून कधीतरी परत मिळेलही, ऐकण्याची सवय परत मिळणार नाही.

वटारसारख्या गावातल्या शाळेलाही यात पुष्कळ करता येईल. गावात निवृत्त तारमास्तर, लाइनमन, टेलिफोन केंद्रातल्या ताई किंवा एकेकाळी पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ चालवणारे काका असतील. मुलांनी त्यांना भेटावे आणि प्रश्न विचारावेत. ट्रंक कॉल लागायला किती वेळ जाई? 'अर्जंट' आणि 'ऑर्डिनरी' यांत फरक काय? तार आली की घरात वाचण्याआधीच रडारड का सुरू होई? लग्नाच्या शुभेच्छांच्या तारेत मजकुराऐवजी नुसता क्रमांक का पाठवत? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फार मोलाचे आहे. ठरावीक शुभेच्छांना क्रमांक दिलेले असत, पाठवणारा क्रमांक निवडी आणि पलीकडे पूर्ण वाक्य लिहून दिले जाई. पैसे वाचवण्यासाठी व्यापारी जे संकेतकोश वापरत, त्यांचेच हे घरगुती रूप. थोडक्या खुणांत जास्त मजकूर बसवण्याची ही युक्ती आज आपल्या मोबाइलमध्येही सतत चालू असते.

वर्गात दोन प्रयोग करता येतील. पहिला पाटाचा. दहा मीटर आणि वीस मीटर लांबीचे कोरडे पाट घ्या, सारखेच पाणी सोडा, टोकाला पाणी पोचायला लागलेला वेळ मोजा. इथे थॉमसन यांचे सूत्र तंतोतंत मिळणार नाही, कारण माती म्हणजे धारित्र नव्हे. पण वेळ नुसता दुप्पट होतो की त्याहून जास्त, हे मुलांनीच नोंदवावे. नंतर तुकड्या-तुकड्याने पाणी सोडून लागोपाठच्या दोन 'लाटा' टोकाला वेगळ्या ओळखता येतात का, तेही पाहावे.

दुसरा ठाण्यांचा. आठ मुले आठ ठाणी होतील, पोर्थकर्नोपासून मुंबईपर्यंत. बारा शब्दांचा अपरिचित भाषेतला निरोप टिचक्या आणि टाळ्यांच्या संकेतात एकाने दुसऱ्याला द्यायचा. शेवटी किती वेळ लागला आणि किती अक्षरे चुकली ते फळ्यावर मांडायचे. मग प्रकाशतंतूचे गणित करा. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. मुंबई ते इंग्लंड समुद्रमार्गे सुमारे १२,००० किलोमीटर धरले, तर निरोपाला किती वेळ लागेल? उत्तर सेकंदाच्या सोळाव्या भागाच्या आसपास येते. वर्गातल्या आठ ठाण्यांना लागलेला वेळ त्याच्या शेजारी लिहून ठेवा.

मुलांनी जमवलेल्या वस्तू एका कपाटात मांडायला हरकत नाही. तारेचा जुना कागद, चकती फिरवण्याचा फोन, बूथच्या बिलाची पावती, एखादा बंद पडलेला पेजर. फक्त प्रत्येक वस्तूखालच्या पाटीवर साल आणि संशोधकाचे नाव एवढेच लिहून थांबू नका. ही वस्तू गावात कुणाकडे होती, तिने कोणता निरोप आला आणि तो यायला किती वेळ लागला, हेही मुलांच्या हाताने लिहवून घ्या.